हिज्कीया की योशीया? अभ्यासवर्गासाठी राजा निवडताना

विषय ‘विश्वास आणि नेतृत्व’ असा ठरला की ख्रिस्ती मंडळीतले बायबलचे अभ्यासवर्ग हटकून दावीद किंवा नहेम्याकडे वळतात. या दोघांवर इतकी प्रवचनं झालेली असतात की पुढचं वाक्य काय येणार हे बाकावरच्या पोरांनाही ठाऊक असतं. त्यापेक्षा यहूदा राज्याच्या उत्तरकाळातले दोन सुधारक राजे बघा: हिज्कीया आणि त्याचा पणतू योशीया. चार-सहा आठवडेच हाताशी असतील तर दोघांपैकी एकच घेता येईल, आणि निवड तिथेच अडते, कारण वरवर पाहता गोष्ट एकच आहे. वाईट बापाच्या पोटी चांगला मुलगा, मंदिराची डागडुजी, मूर्तींची मोडतोड, मोठा वल्हांडण सण. त्यात बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकाने आणखी घोळ घातलाय. हिज्कीयासारखा राजा त्याच्या आधी झाला नाही आणि नंतरही नाही, असं 18व्या अध्यायात म्हटलंय. तसंच प्रशस्तिपत्र 23व्या अध्यायात योशीयाला दिलंय. नीट वाचलं तर फरक दिसतो. हिज्कीयाची वाखाणणी भरवशासाठी आहे, योशीयाची संपूर्ण मनाने देवाकडे वळण्यासाठी.

आधी हिज्कीया. त्याच्याकडे नाट्य भरपूर आहे. इ.स.पू. 701 साली अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला आणि तटबंदीची गावं एकेक करून पडली. त्यांतल्या लाखीश शहराच्या पाडावाची दृश्यं सन्हेरीबने आपल्या राजधानीत, निनवेत, महालाच्या भिंतींवर कोरून घेतली. उतरणीवरून रेटले जाणारे वेढ्याचे रथ, सामान घेऊन निघालेली कुटुंबं, सगळं त्यात आहे. ते दगड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी पोराबाळांना घेऊन एक शनिवार तिकडे घालवावा. सन्हेरीबने या स्वारीचा अहवाल लिहवून घेतलेली मातीची षट्‌कोनी चिती (प्रिझम) हीसुद्धा तिथेच आहे. 46 तटबंदी शहरं घेतली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं यरुशलेमेत कोंडलं, असं तो त्यावर सांगतो. यरुशलेम घेतलं, असं मात्र कुठेच म्हणत नाही. शत्रूच्याच तोंडून बायबलच्या गोष्टीला असा दुजोरा मिळणं ही दुर्मीळ गोष्ट. ‘हे खरंच घडलं का?’ असं विचारणारी कॉलेजची मुलं तुमच्या गटात असतील, तर हिज्कीयाचं पारडं इथेच जड होतं.

त्यातच तो बोगदा. गीहोन झऱ्याचं पाणी शहराच्या आत आणण्यासाठी सुमारे 533 मीटर खडक फोडला. दोन टोकांकडून दोन टोळ्या खोदत आल्या. शेवटचे तीन हात उरले तेव्हा पलीकडून माणसाची हाक ऐकू आली आणि कुदळीला कुदळ भिडली, असं तिथल्या शिलालेखात कोरलंय. हा लेख 1880 साली सापडला, आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्यात राजाचं नाव नाही. आपल्याकडे सार्वजनिक नळाच्या चबुतऱ्यावरही उद्घाटकाचं नाव असतं, त्यामुळे वर्गात इथे हमखास हशा पिकेल. पण हिज्कीयाचा विनय म्हणून तो शिलालेख विकू नका. तो कामगारांनीच कोरला असावा असं दिसतं.

याच तयारीवर यशया संदेष्ट्याची टीका आहे, ती मात्र सोडू नका. त्याच्या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात तो म्हणतो की तुम्ही यरुशलेमेची घरं मोजलीत, तट मजबूत करायला ती पाडलीत, पाण्याचा साठा केलात, पण ज्याने हे सारं घडवून आणलं त्याच्याकडे पाहिलं नाहीत. यरुशलेमेच्या जुन्या शहरात उत्खननात त्या काळचा सुमारे सात मीटर जाडीचा तट सापडला, आणि तो खरोखरच राहत्या घरांवरून गेलेला आहे. ज्यांची घरं गेली त्यांच्या बाजूने हा उतारा वाचून बघा. नेतृत्वावरची चर्चा मग आपोआप जमिनीवर येते.

विश्वासाच्या बाबतीत हिज्कीया सरळ रेषेत चालत नाही. प्रवचनात सन्हेरीबचं पत्र मंदिरात परमेश्वरासमोर पसरणारा हिज्कीया असतो. त्याच्या आधीचा हिज्कीया सहसा गाळला जातो. ‘माझं चुकलं, तुम्ही परत जा, जे लादाल ते सोसेन’, असा निरोप त्याने लाखीशला धाडला होता. 300 किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी आणि 30 किक्कार सोनं भरायला मंदिराच्या दारांवरचा सोन्याचा पत्रा त्याने खरवडून काढला, आणि तो पत्रा मढवला होता त्यानेच. इतकं देऊनही सन्हेरीबचा सरदार रब्शाके सैन्य घेऊन दारात आलाच. वर तटावरच्या सामान्य माणसांना कळावं म्हणून यहूदी भाषेत ओरडला. दरबाऱ्यांनी विनवलं की अरामीत बोला, तर जास्तच मोठ्याने. पैसे देऊन संकट टळत नाही हे कळल्यावर आलेली ती प्रार्थना आहे, आणि म्हणूनच मला ती खरी वाटते. बायबलमधल्याच इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात ही खंडणी येतच नाही, त्यामुळे दोन्ही वृत्तान्त शेजारी ठेवून वाचा.

आता योशीया. इथे पुरावे तुटपुंजे आहेत. 2019 साली ‘राजसेवक नथान-मेलेख’ असं कोरलेला मातीचा शिक्का यरुशलेमेत सापडल्याचं जाहीर झालं. याच नावाचा अधिकारी योशीयाच्या गोष्टीत येतो, पण तो हाच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. भिंतींवर कोरलेली युद्धं नाहीत, बोगदा नाही. म्युझियमचे फोटो दाखवून वर्ग रंगवणाऱ्याची इथे पंचाईत होते.

पण मजकूर वाचा. योशीया आठ वर्षांचा असताना गादीवर बसला. इ.स.पू. 622च्या सुमारास, कारकिर्दीच्या 18व्या वर्षी, मंदिराचं काम चालू होतं. कारागिरांकडे दिलेल्या पैशांचा हिशेब मागू नका, ती माणसं सचोटीने वागतात, असा त्याचा हुकूम होता. (कमिटीसमोर हे वचन वाचायला धाडस लागतं.) चिटणीस शाफान राजाकडे येतो, आधी पैशांचं सांगतो, आणि मग जाता जाता म्हणावं तसं, हिल्कीया याजकाने मला एक ग्रंथ दिलाय. नियमशास्त्राचा ग्रंथ, मंदिरातच पडून राहिलेला. वाचून दाखवल्यावर राजाने वस्त्रं फाडली आणि पाच जणांना देवाचं मत विचारायला पाठवलं. ते गेले हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे. यिर्मयाला संदेष्टा म्हणून देवाचं पाचारण होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती, तरी प्रमुख याजकासकट राजाची माणसं एका बाईच्या दारी गेली आणि तिचा शब्द अखेरचा मानला. महिला मंडळासाठी अभ्यास ठरवत असाल तर पुढे वाचायची गरज नाही, योशीयाच घ्या.

हुल्देने गोड काही सांगितलं नाही. नाश अटळ आहे, पण तुझ्या डोळ्यांदेखत येणार नाही, एवढंच. माझी निवड ठरते ती या उत्तरावर, कारण जवळजवळ असंच उत्तर हिज्कीयालाही मिळालं होतं. बाबेलच्या राजदूतांना त्याने सगळा खजिना फिरून दाखवला, तेव्हा यशया म्हणाला की हे सारं एक दिवस बाबेलला जाईल, तुझ्या वंशातली मुलंही जातील. हिज्कीया म्हणाला, परमेश्वराचं वचन चांगलं आहे. मनात म्हणाला, माझ्या हयातीत तरी शांती आहे ना! योशीयालाही हयातीपुरतं अभय होतं. त्याने लोकांना जमवलं, लहानथोरांसमोर ग्रंथ वाचून घेतला, करार केला आणि कामाला लागला. कालावधी संपत आलेल्या अध्यक्षाने पुढच्या कमिटीच्या डोक्यावर काय ठेवून जायचं, हा प्रश्न या दोन उताऱ्यांइतका उघडा मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

योशीया निवडलात तर दोन अडचणी येतील. शोमरोनच्या नगरांतल्या उच्च स्थानांचे (टेकड्यांवरच्या पूजास्थानांचे) याजक त्याने तिथल्याच वेद्यांवर मारले. त्यावर सारवासारव करू नका. दुसरी, मगिद्दोची लढाई. इ.स.पू. 609 साली मिसरचा (इजिप्तचा) राजा फारो नखो अश्शूरच्या मदतीला उत्तरेकडे निघाला होता. त्याने योशीयाला निरोप धाडला की माझं भांडण तुझ्याशी नाही, देवानेच मला घाई करायला सांगितलंय. 2 इतिहासाचा लेखक स्पष्ट लिहितो की ते शब्द देवाच्या तोंडचे होते. हुल्देचं ऐकणाऱ्याने परक्या राजाचं ऐकलं नाही, वेष पालटून लढायला गेला आणि बाण लागून मेला. ‘मग हुल्दा तर तुला शांतीने मूठमाती मिळेल म्हणाली होती, त्याचं काय?’ असं कुणीतरी विचारणारच. तयारी करून जा.

सुधारणा टिकली का, या प्रश्नावर दोघांचीही मुलं नापास. योशीयाचा मुलगा यहोयाकीम तर यिर्मयाच्या वचनांची गुंडाळी वाचली जात असताना मजकुराचे तीन-चार स्तंभ झाले की चाकूने कापून शेगडीत टाकत होता. ‘जाळू नका’ म्हणून विनवणाऱ्यांत शाफानाचा मुलगा गमऱ्या होता, आणि त्याच्या आधी यिर्मयाला जिवे मारण्यापासून वाचवणारा अहीकामही शाफानाचाच मुलगा. योशीयाचं काम टिकलं ते चिटणिसाच्या घरात. हा धागा हिज्कीयाच्या गोष्टीत नाही.

तर, बाहेरून दबाव आहे, जागेचा वाद किंवा विरोध चालू आहे, माणसं घाबरलेली आहेत, अशा मंडळीने हिज्कीया घ्यावा: 2 राजे 18 ते 20, सोबत यशया 22. जिथे सगळं सुरळीत चाललंय आणि कुणाला काही विचारावंसं वाटत नाही, तिथे योशीया: 2 राजे 22 व 23, 2 इतिहास 34 व 35, आणि यिर्मया 36. मला स्वतःला विचाराल तर योशीया. दोन्ही घेण्याइतका वेळ मिळालाच, तर मधला 2 राजे 21 वगळू नका. हिज्कीयाच्या मुलाची, मनश्शेची, 55 वर्षांची राजवट त्या एका अध्यायात आहे, आणि पणजोबाने पाडलेलं योशीयाला पुन्हा का पाडावं लागलं हे तो वाचल्याशिवाय कळत नाही.