बाबांसाठी घेतलेला लाल गाण्याचा डबा, सहा महिने वापरून

घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर एक स्टार देऊन मोकळा झालो असतो, वर दुकानदाराला चार शब्द वेगळे. आता सहा महिने झाले वापरून, म्हणून जरा थंड डोक्यानं लिहून राहिलो.

वस्तू काय तर गाण्याचा डबा. लाल प्लास्टिकचा, वर धरायला कडी, साईज आपल्या शेतात न्यायच्या मोठ्या टिफिनएवढी. एफएम आहे, पेनड्राईव्ह लागतो, मेमरी कार्ड लागतं, ब्लूटूथ आहे, छोटा रिमोट आहे आणि आधीच भरून दिलेली ढीगभर गाणी. तालुक्याच्या बाजारात 1,650 सांगितले, घासाघीस करून 1,400 ला दिला. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण हेच डबे चार नावांनी विकतात, आतून सगळे सारखे, स्टिकर तेवढं वेगळं.

आणि माझं भांडण त्या स्टिकरशीच आहे. खोक्यावर मोठ्या पिवळ्या अक्षरात 'मेंदू तल्लख करणारे संगीत', खाली माणसाचं डोकं काढलेलं आणि त्यातून सूर बाहेर पडून राहिले. दुकानदार म्हणे, "न्या भाऊ, लकव्यावर एक नंबर, पोरायचा अभ्यासबी वाढते." म्हणजे घरातला लकवा आणि घरातली दहावी, दोन्ही एकाच डब्यात निपटले. तरी घेतला राजेहो. घरात माणूस खाटेवर पडून असला की आपली हुशारी घरी राहते आणि आपण बाजारात जातो.

बाबांचं सांगतो थोडं, त्याशिवाय पुढचं समजणार नाही. वय 72, जन्मभर कपाशी आणि तूर, आणि दर गुरुवारी देवळात भजन, खंजेरी यांच्याकडे. आमच्या वर्धा-अमरावतीच्या पट्ट्यात गावोगावी राष्ट्रसंतांची भजनी मंडळं आहेत, तुकडोजी महाराजांच्या हातातच खंजेरी असायची हे सगळ्यांना माहीत आहे. महाराज 1968 ला गेले तेव्हा बाबा पंधरा-सोळाचे, त्याआधी एकदा मोझरीला जाऊन समोर बसून ऐकलेलं, हे आम्ही लहानपणापासून कमीत कमी दोनशे वेळा ऐकलं असेल. बरं, एवढ्या वेळा सांगणारा तो माणूस जूनमध्ये, ऐन पेरणीच्या तोंडावर, एका सकाळी बोलायचाच बंद झाला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं. समजत सगळं होतं, डोळ्यात दिसायचं. पण पाणी मागायला जावं तर तोंडातून नुसतं "त... त... त..." आणि मग स्वतःवरच चिडून डाव्या हातानं खाटेवर बुक्की.

वर्ध्याला ज्या स्पीच थेरपिस्ट मॅडमकडे नेत होतो त्यांनी नीट समजावलं. 1861 मध्ये पॅरिसला ब्रोका नावाच्या डॉक्टरकडे असाच एक माणूस होता, काहीही विचारा, तोंडातून 'टॅन' एवढंच निघायचं, म्हणून लोक त्याला टॅनच म्हणायचे. तो वारल्यावर मेंदू पाहिला तर डाव्या बाजूला समोरचा भाग खराब झालेला. शब्द जुळवून तोंडातून काढायचं काम बहुतेकांच्या मेंदूत तिकडे चालतं, आणि उजवं अंगही डावा मेंदूच चालवतो, म्हणून उजवी बाजू आणि बोलणं पुष्कळदा सोबतच जातात.

आता डब्यावर येतो. पहिले पंधरा दिवस आतली भरलेली गाणी लावली. जुनी हिंदी गाणी ठीक आहेत, आवाज साफ आहे. भजनं म्हणून जे भरलंय ते कोण्या पोराने कॅसिओवर वाजवलेलं, खंजेरीच्या जागी टिक टिक टिक मशीन. आणि ते मेंदूवालं संगीत म्हणजे पियानो, मध्ये पाण्याचे थेंब पडल्यासारखा आवाज, पुन्हा पियानो. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मी म्हटलं गेले चौदाशे.

मग आमच्या पोरीनं डोकं लावलं. गुरुवारी देवळात मोबाईल घेऊन बसली आणि मंडळाचं भजन दीड तास रेकॉर्ड केलं, त्यात मधून कुत्रं भुंकते, कोणी खोकलते, एक म्हातारा "अबे पंखा लाव" म्हणते, सगळं आलं. पेनड्राईव्हमध्ये टाकलं, डब्याला लावलं. आई ओसरीवर सुपात तुरीची डाळ पाखडत बसली होती. पहिलं भजन अर्ध्यावर आलं असेल, बाबांचा डावा हात खाटेच्या लाकडावर पडायला लागला, आधी अंदाज घेतल्यासारखा, मग बरोबर खंजेरीच्या थापेवर. आणि ध्रुपदाला यांनी पूर्ण ओळ म्हटली. पूर्ण! शब्द सगळे साफ, एकही अडखळला नाही. आई सूप धरून तशीच, "अवं माय, बोलले थे!" पोरगी धावत गेली, "आबाजी, पाणी पायजे का?" आबाजींनी तोंड उघडलं आणि... "त... त..."

ही गोष्ट मुद्दाम लिहून राहिलो, कारण मोबाईलवर असे व्हिडिओ फिरतात, पेशंट गायला लागला, चमत्कार झाला म्हणून, आणि लोकांना वाटते झालं, आता उद्यापासून बोलणार. तसं नसतं. पाठ असलेलं गाणं म्हणणं वेगळं आणि मनातली गोष्ट शब्दात जुळवणं वेगळं. मॅडमला सांगितलं तर त्यांना नवल नाही वाटलं, म्हणाल्या असं पुष्कळ पेशंटचं होतं, आणि याच गोष्टीला धरून 1973 मध्ये अमेरिकेत, बोस्टनला एक पद्धत निघाली. रोजच्या कामाचं छोटं वाक्य घ्यायचं, ते दोन सुरात म्हणायचं, एक खालचा एक वरचा, आणि प्रत्येक अक्षराला पेशंटच्या डाव्या हाताची थाप. हळूहळू सूर कमी करत न्यायचा, शेवटी साधं बोलणं उरलं पाहिजे. आधी सांगायचे की सूर उजव्या मेंदूत असतात म्हणून हे जमतं, आता काही संशोधक म्हणतात की सुरापेक्षा ताल आणि तोंडपाठ असणं हेच जास्त कामाचं. आमच्या घरचं पाहून मला दुसरं पटते, कारण बाबांचा सूर तसाही कधी लागला नाही, मंडळातले लोक आजही हसतात, पण ठेका चुकला नाही कधी.

तर आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ "पा-णी-दे", "चा-हा-दे", "भा-त-नो-को" खंजेरीच्या ठेक्यावर चाललं. "नको" नाही, "नोको", बाबा जन्मभर तसंच म्हणत आले, मॅडम म्हणाल्या त्यांच्या तोंडात जसं आहे तसंच ठेवा. त्यांनी आणखी एक सांगितलं. फिनलंडमध्ये लकव्याच्या 60 पेशंटवर अभ्यास झाला, 2008 ला छापून आला. काहींना त्यांच्या आवडीची गाणी रोज तासभर तरी ऐकवली, काहींना गोष्टींची पुस्तकं ऐकवली, काहींना दोन्ही नाही, दोन महिने. गाणी ऐकणाऱ्यांची शब्द लक्षात ठेवायची ताकद आणि लक्ष दोन्ही बाकीच्यांपेक्षा जास्त सुधारलं. यातला 'त्यांच्या आवडीची' हा शब्द खोक्यावर कुठेच नाही. पेनड्राईव्हची फट आहे म्हणून हा डबा कामाचा, नाही तर स्टिकरसकट उकिरड्यावर.

आता फॉल्ट. बॅटरी दोन महिन्यात बसली, तेव्हापासून प्लग लावूनच चालते, आणि आमच्याकडे लाईनचं तुम्हाला माहीतच आहे. लाईन जाऊन आली की हा डबा पेनड्राईव्ह विसरून जाते आणि आतल्या पहिल्या ट्रॅकवर जाते, आवाज फुल. पहिला ट्रॅक म्हणजे तोच, पियानो आणि थेंब. दिवाळीच्या आधी एका रात्री अडीच-तीनला लाईन आली आणि घर दणाणलं, आम्ही सगळे उठून बसलो, अंधारात बटण सापडेना, तेवढ्यात खाटेवरून आवाज, "बं...द कर!" ना सूर ना ठेका. ठेक्याशिवाय, शिकवल्याशिवाय बाबांनी बोललेले हे पहिले दोन शब्द. त्या फॉल्टबद्दल स्टार कापू का वाढवू हे मला अजून समजलं नाही.

पोरीच्या अभ्यासाचं. हे मेंदूवाल्या संगीताचं खूळ आलं कुठून तर 1993 ला अमेरिकेत कॉलेजच्या 36 पोरांना मोझार्ट नावाच्या युरोपातल्या जुन्या संगीतकाराची एक रचना दहा मिनिटं ऐकवली, त्यानंतर कागदाच्या घड्या मनातल्या मनात उलगडून पाहायच्या कोड्यात त्यांना थोडे जास्त मार्क पडले, आणि तो फरक दहा-पंधरा मिनिटांत उतरूनही गेला. झालं. 1998 ला तिकडल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनं जन्मलेल्या प्रत्येक बाळाला अशी सीडी वाटायचा प्रस्ताव मांडला, आणि तिथून सरकत सरकत ते आमच्या तालुक्याच्या बाजारात लाल डब्यावर चिकटलं. पुढे संशोधकांनी पाहिलं तर आवडीचं काहीही ऐकून माणूस जरा ताजा झाला की तेवढा फायदा तसाही होते. आमची पोरगी गाणी लावून चित्रं काढते तर हात मस्त चालते, निबंध लिहायला बसली की त्याच गाण्याचे शब्द निबंधात घुसतात. हे उगाच नाही. 2017 च्या एका अभ्यासात आनंदी संगीत ऐकताना लोकांना जास्त आणि वेगळ्या कल्पना सुचल्या, आणि 2019 मध्ये इंग्लंडमधल्या अभ्यासात शब्दांची कोडी सोडवताना मागे संगीत असलं तर लोक मागे पडले, लायब्ररीतल्या बारीकसारीक आवाजाने मात्र काही बिघडलं नाही. म्हणून आमचा नियम, चित्रकलेला डबा चालू, मराठीला बंद, गणिताला तिची मर्जी.

चालण्याचं राहिलं. फिजिओवाल्या भाऊंनी सांगितलं, पाऊल ठेक्यावर टाका, कान जो ताल पकडते तो पायापर्यंत जाते, लकव्याच्या आणि कंपवाताच्या पेशंटला अशानं पाऊल सरळ आणि सारख्या अंतरावर पडायला मदत होते. अंगणात तुळशीपासून विहिरीपर्यंत काठी घेऊन, डबा ओसरीवर. हळू भजन असलं की बाबा झकास चालतात. पण आपलं भजन कसं असते, सावकाश सुरू होते आणि शेवटी चढते, खंजेरी दुप्पट होते, आणि बाबांना ते आधीच समजते, चढायच्या एक ओळ आधी भुवया वर जातात यांच्या. कॅनडात 2011 ला मेंदूचं स्कॅनिंग करून पाहिलं होतं की गाण्यातली आवडती जागा येणार हे समजलं की ती यायच्या आधीपासूनच मेंदूत डोपामाईन, म्हणजे आनंदाशी जोडलेलं रसायन, सुटायला लागतं, आणि प्रत्यक्ष जागेवर मेंदूच्या दुसऱ्या भागात. ते मी आमच्या अंगणात रोज पाहतो, फक्त अडचण अशी की डोपामाईन सुटते आणि पाय गुंततात, दोनदा पडता पडता वाचले. डब्याला स्पीड कमी करायचं बटण असतं तर लय बरं झालं असतं. शेवटी पोरीनं मोबाईलवरच चढायच्या आधीचा भाग कापून वेगळी फाईल केली.

धाकटा भाऊ डबा एक आठवडा जागलीवर घेऊन गेला, तुरीत रानडुकरं यायची. चार रात्री डुकरं आली नाहीत, पाचव्या रात्री आली आणि भजन चालू असतानाच तूर खाऊन गेली. त्या कामासाठी घेऊ नका.

आवाज फुल केला की डबा फाटतो, खरखर करते, हे मी फायद्यातच धरतो. लग्नातल्या डीजेसमोर उभं राहून पोरांचे कान गेले तर परत येत नाहीत, आतल्या कानातल्या बारीक केसांच्या पेशी एकदा मेल्या की नव्या उगवत नाहीत. डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप, 85 डेसिबलला दिवसाला 8 तास ही हद्द धरतात आणि 3 डेसिबल वाढला की वेळ निम्मा. आमच्या गल्लीतला डीजे मी मोजला नाही पण खिडकीचं तावदान वाजत होतं. बाबांसाठी आवाज एवढाच ठेवतो की आईला स्वयंपाकघरातून हाक मारली तर ऐकू गेली पाहिजे.

बाकी किरकोळ. बटणं मोठी आहेत, डाव्या हाताने दाबता येतात, हे मस्त. रिमोट खेळण्यातला आहे, फेका. एफएम गावात धड लागत नाही, वायर खिडकीला बांधली की नागपूर येते. चार्जिंगची पिन ढिली होती, शेवटी निघाली.

मागच्या आठवड्यात ती पिन बदलायला दुकानात गेलो तर बाबांची सगळी गोष्ट सांगितली. दुकानदार म्हणे, "भाऊ, थे भजन मले द्या ना, मी सगळ्या डब्यात भरून देतो, लकव्यावालं भजन म्हणून." मी म्हटलं, "बाप्पा, आमच्या देवळातलं कुत्रं दुसऱ्याच्या बापाले कायले ऐकवतो? गिऱ्हाईक आलं की त्याच्या गावचं रेकॉर्ड करून आणायला सांग." तो विचारात पडला. पिन मात्र फुकट बदलून दिली.