टॉवरचे पर्याय पाहायला ग्रासहॉपर की डायनॅमो?

कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या प्लॉटसाठी टॉवर सुचवायचा असेल, तर सुरुवात राइनो या थ्रीडी मॉडेलिंग सॉफ्टवेअरमधल्या ग्रासहॉपरनेच (आकडे बदलले की आकार बदलणारं व्हिज्युअल प्रोग्रामिंग टूल) करा. मजल्याची आउटलाइन काढून मजल्यांची संख्या आणि पिळाचा कोन असे दोन स्लायडर जोडा. कोन ओढला की सगळे स्लॅब डोळ्यांदेखत फिरतात. (लिफ्टचा कोअर, म्हणजे मधला उभा गाभा, मात्र सरळच ठेवा.) शांघाय टॉवरचा सुमारे १२० अंशांचा पीळ असाच पॅरामेट्रिक (आकडे बदलून आकार बदलणाऱ्या) मॉडेलवर पर्याय पाहून, विंड टनेलमध्ये तपासून ठरला आणि साध्या चौकोनी आकाराच्या तुलनेत वाऱ्याचा भार २४ टक्के घटला. एवढ्या मोकळेपणाने आकार शोधायला रेव्हिट या इमारतीचं मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमधलं तसंच टूल, डायनॅमो, जड जातं. पण आकार पक्का झाल्यावर फ्लॅटचे एरिया, दारं-खिडक्यांची शेड्यूल्स (तपशीलवार याद्या) बदलांसोबत जुळती ठेवायची, तर मी डायनॅमोच उघडते.