‘निर्जंतुक’ म्हणून नुसतं उकडलेलं धान्य गळ्यात मारतात

अळिंबीचं (मशरूमचं) बियाणं धान्यावर वाढवतात; ते स्वतः तयार करणाऱ्यांना ‘निर्जंतुक धान्या’च्या तयार पिशव्या विकल्या जातात. त्यातल्या काही फक्त वाफेवर उकडलेल्या असतात आणि बाहेरून फरक अजिबात दिसत नाही.

उघड्या वाफेचं तापमान 100 अंशांपुढे जात नाही. बॅसिलस जिवाणूंचे बीजाणू त्यात आरामात तगतात. त्यांना मारायला 15 पौंड दाब आणि 121 अंश लागतात. किलोभराच्या पिशवीला दीड ते दोन तास, तेही दाब पूर्ण चढल्यावर मोजलेले. इंधन वाचवायला विकणारा नेमका हाच वेळ कापतो. पिशवीवरच्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या आहेत, असं दाखवलं तरी भुलू नका. उष्णता लागली एवढंच ती सांगते, मधल्या दाण्यापर्यंत ती पुरेसा वेळ पोचली की नाही, हे नाही.

कल्चर, म्हणजे अळिंबीची जिवंत बुरशी, धान्यात टोचल्यावर काही दिवसांतच सोंग उघडं पडतं. दाणे बुळबुळीत होतात, प्लास्टिकला आतून दुधट पाणी चिकटतं, तोंड सोडलं की आंबूस, कुजका भपकारा येतो. अळिंबीचे पांढरे धागे त्या ओल्या भागाच्या कडेला येऊन थबकतात. तक्रार केली की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘तुमचे हात स्वच्छ नव्हते.’ नवखा माणूस ते खरं मानतो, याचीच चीड येते.

म्हणून प्रत्येक खेपेतल्या दोन पिशव्या न टोचता 25 ते 30 अंशांत सात दिवस ठेवा. छिद्र नाही, पिशवीची हवेची गाळणी शाबूत आहे आणि तरी आतून चिकटा सुटला, तर दोष धान्याचाच. टोचल्या जागेभोवतीच हिरवी बुरशी आली, तर मात्र बहुधा आपलं चुकलं.

वजनावर विकणारे पाणीही विकतात. जास्त शिजलेले दाणे फुटतात, पिठूळ लगदा होतो, तळाशी पाणी साचतं. चांगला दाणा दोन बोटांत दबतो पण फुटत नाही. हाताला ओल लागत नाही आणि पिशवी हलवली की दाणे सुटे खुळखुळतात.

‘पुन्हा कुकरमध्ये घाला, चालेल’ असं सांगतील. आंबलेलं धान्य वापरू नका आणि ती पिशवी चांगल्या पिशव्यांजवळ उघडूही नका. आधी बंद पिशवीचे फोटो काढा, खेपेची तारीख लिहा, मगच पैसे परत मागा.