इम्युलेटरमध्ये रीजन ऑटो ठेवायचा की हाताने सेट करायचा?

ऑटोवर ठेवलं की इम्युलेटर (जुन्या कन्सोलचे गेम कॉम्प्युटरवर किंवा फोनवर चालवणारं सॉफ्टवेअर) गेमच्या फाइलमधूनच रीजन (गेम जगातल्या कोणत्या भागासाठी विकला होता ते) ओळखतो, म्हणजे सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलच्या रॉम हेडरमध्ये (रॉम म्हणजे गेमची फाइल, हेडर म्हणजे तिच्यातला माहितीचा भाग) जपान, अमेरिका, युरोपचा कोड असतो तो वाचतो, प्लेस्टेशनच्या डिस्कवरूनही तसंच कळतं आणि मग त्याला जुळणारा बायोस, म्हणजे कन्सोलचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर, लोड होतो (अर्थात तो बायोस तुमच्याकडे असेल तर). नव्वद टक्के लोकांनी यापुढे वाचलं नाही तरी चालेल खरं तर. फक्त हॅक केलेल्या किंवा भाषांतराचा पॅच मारलेल्या रॉमचा हेडर कधीकधी चुकीचा असतो, तिथे ऑटो गंडतं.

हाताने सेट करण्यात खरी मजा पॅल गेम्सची, म्हणजे युरोपच्या टीव्ही पद्धतीसाठी विकलेल्या कॉपींची. युरोपचे कन्सोल ५० हर्ट्झवर (सेकंदाला ५० वेळा चित्र) चालायचे, अमेरिका-जपानचे ६० वर, आणि बऱ्याच कंपन्यांनी पॅलसाठी काही बदल न करताच गेम विकले, त्यामुळे ते सुमारे १७ टक्के स्लो चालतात, म्युझिकसकट! पहिला सॉनिक घ्या, पॅलवर रेंगाळतो, ६० ला फोर्स केला की लगेच पळायला लागतो. पण जो गेम ५० साठी नीट अ‍ॅडजस्ट केलाय तो ६० वर उगाच फास्ट होतो, आणि एसएनईएसचे (निन्टेंडोचा कन्सोल) काही गेम तर कन्सोल ५० चा आहे की ६० चा ते स्वतः तपासतात, जुळलं नाही तर वॉर्निंग दाखवून तिथेच थांबतात.

मी ऑटोच ठेवतो, आणि पॅल कॉपी स्लो वाटली तर फोर्स करत बसण्यापेक्षा त्याच गेमची अमेरिकन कॉपी लावतो. फक्त सेव्ह स्टेट (इम्युलेटरने मध्येच सेव्ह केलेला गेम) सहसा एका कॉपीची दुसरीत चालत नाही, तेवढं सुरुवातीलाच ठरवा.