विंडोज सर्व्हरवर कोणता मेमरी डंप ठेवावा: स्मॉल, कर्नल, ऑटोमॅटिक, ॲक्टिव्ह की कम्प्लीट?

नवा सर्व्हर उभा करताना बॅकअप, अँटिव्हायरस, मॉनिटरिंग या सगळ्याची यादी तयार असते. मेमरी डंपची, म्हणजे यंत्र कोसळताना मेमरीत काय होतं त्याच्या डिस्कवर उतरवलेल्या प्रतीची, सेटिंग मात्र बहुतेक ठिकाणी जशी आली तशीच राहते. मग कधीतरी सर्व्हर निळा स्क्रीन दाखवून रीस्टार्ट होतो, व्हेंडरकडे कॉल लॉग होतो आणि तिकडून पहिला प्रश्न येतो: डंप आहे का? नसेल तर उत्तर ठरलेलं: पुन्हा क्रॅश झाला की कळवा. प्रॉडक्शनच्या सर्व्हरवर पुन्हा क्रॅश होण्याची वाट बघणं कुणालाच परवडत नाही, म्हणून हा निर्णय आधी घ्यायचा.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. साध्या सर्व्हरवर कर्नल (विंडोजचा गाभा) डंप ठेवा आणि त्याला ठरलेल्या आकाराची हक्काची जागा द्या. हायपर-व्ही होस्ट (आभासी यंत्रं, म्हणजे व्हीएम, चालवणारा सर्व्हर), फेलओव्हर क्लस्टर (एक पडला की दुसरा काम घेणारे सर्व्हर) किंवा मोठा डेटाबेस असेल तर ॲक्टिव्ह. कम्प्लीट फक्त सपोर्टने मागितला तरच. नुसत्या स्मॉलवर सर्व्हर सोडू नका. ऑटोमॅटिक हा विंडोजचा डिफॉल्ट वाईट नाही, पण त्यात एक फट आहे आणि ती नेमकी पहिल्या क्रॅशच्या वेळी आडवी येते.

डंप लिहिला कसा जातो

पर्याय तोलायचे तर आधी हे समजून घ्यायला हवं. कर्नल कोसळतो त्या क्षणी फाइल सिस्टिमवर भरवसा ठेवता येत नाही. बिघाड तिथेच असू शकतो. म्हणून विंडोज बूट होतानाच स्टोरेज ड्रायव्हरची एक वेगळी प्रत फक्त डंपसाठी मेमरीत तयार ठेवते आणि पेजफाइलची (रॅम अपुरी पडली की वापरायच्या फाइलची) डिस्कवरची जागा टिपून ठेवते. क्रॅश झाला की त्या ड्रायव्हरमार्फत मेमरीतला मजकूर थेट पेजफाइलच्या जागेवर उतरवला जातो. निळ्या स्क्रीनवर टक्के वाढताना दिसतात ते हेच काम. पुढच्या बूटमध्ये पेजफाइलमध्ये डंप पडलाय हे विंडोजच्या लक्षात येतं आणि त्यातून विंडोज फोल्डरमधली मेमरी डॉट डीएमपी ही फाइल तयार होते.

यातून दोन गोष्टी निघतात. बूट व्हॉल्यूमवर (विंडोज असलेल्या ड्राइव्हवर) पेजफाइल नसेल किंवा ती अपुरी असेल आणि डंपसाठी वेगळी फाइलही राखलेली नसेल, तर यादीतून कोणताही प्रकार निवडा, हाती काही लागणार नाही. आणि नवी पेजफाइल व तयार झालेला डंप अशा दोघांना जागा लागते, म्हणजे सी ड्राइव्हचा हिशेब दुप्पट धरायचा. ‘रॅम भरपूर आहे, पेजफाइल कशाला?’ असं म्हणून ती काढून टाकलेले व्हीएम टेम्प्लेट अजूनही सर्रास दिसतात. ते पहिल्यांदा दुरुस्त करा.

स्मॉल आणि कर्नल

64-बिट विंडोजवर स्मॉल डंप 256 केबीचा असतो. त्यात स्टॉप कोड (क्रॅशचा प्रकार सांगणारा क्रमांक), त्याचे पॅरामीटर, लोड झालेल्या ड्रायव्हरची यादी आणि कोसळलेल्या थ्रेडचा स्टॅक (कोणत्या कोडने कोणाला बोलावलं याचा माग) एवढं मिळतं. कधीकधी तेवढं पुरतं. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं पाडली आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. तेव्हा स्टॅकमध्ये त्यांच्या ड्रायव्हरचं नाव समोर दिसत होतं. गुन्हेगार जागेवरच सापडला, असा तो क्रॅश होता.

सर्व्हरवरचे त्रासदायक क्रॅश असे नसतात. एखादा ड्रायव्हर पूलमधल्या (कर्नलच्या सामायिक मेमरीतल्या) आपल्या ब्लॉकच्या हद्दीबाहेर चार बाइट लिहितो आणि निघून जातो. तासाभराने दुसराच कुणीतरी शेजारचा ब्लॉक मोकळा करायला जातो आणि यंत्र तिथे कोसळतं. स्मॉल डंपमध्ये नाव येतं ते या दुसऱ्याचं, म्हणजे निरपराध माणसाचं. मग त्याचा ड्रायव्हर बदलण्यात दोन मेंटेनन्स विंडो जातात आणि क्रॅश तसाच राहतो. कर्नल डंपमध्ये मात्र आजूबाजूचे ब्लॉक आणि त्यांचे पूल टॅग (ब्लॉक कुणाचा ते सांगणाऱ्या खुणा) बघता येतात, बाकीचे थ्रेड काय करत होते ते कळतं, कोणतं लॉक कुणी धरून ठेवलंय ते दिसतं. स्मॉलला माझा विरोध आहे तो यासाठी. वाचलेल्या जागेच्या मानाने गमावलेली माहिती फार मोठी आहे.

कर्नल डंपमध्ये फक्त कर्नलची मेमरी येते, चालू प्रोग्रॅमची नाही. ड्रायव्हर, फाइल सिस्टिम, नेटवर्क स्टॅक यांतले बहुतेक दोष त्यावर सुटतात. आकार रॅमवर नाही, तर कर्नल किती मेमरी वापरतोय यावर ठरतो. तो आधी सांगता येत नाही, हीच त्याची अडचण.

ऑटोमॅटिकची फट

सर्व्हर 2012 पासून आलेल्या ऑटोमॅटिक डंपमधला मजकूर कर्नल डंपसारखाच असतो. फरक आहे तो पेजफाइलच्या आकाराचा. पेजफाइल ‘सिस्टिम मॅनेज्ड’ असेल तर विंडोज ती रॅमपेक्षा लहान ठेवू शकते. अंदाज चुकून डंप मावला नाही, तर विंडोज पेजफाइल किमान रॅमएवढी करते आणि 4 आठवडे तशी ठेवते, म्हणजे पुढच्या क्रॅशला तरी डंप मिळावा.

लॅपटॉपवर हे ठीक आहे. सर्व्हरवर मात्र पहिला क्रॅशच महत्त्वाचा असतो. दुसरा दोन महिन्यांनी येईल, तोवर ती मुदत संपलेली असेल. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो हे खरं, पण ज्या यंत्रावर पगार किंवा बिलिंग चालतं तिथे ‘बहुतेक वेळा’वर मी थांबणार नाही. पेजफाइलचा किमान आकार स्वतः ठरवून द्या. तसं केलं की ऑटोमॅटिक आणि कर्नल यांत फरक उरत नाही, यादीत काहीही निवडा.

किती द्यायचा? परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये पेज्ड पूल आणि नॉनपेज्ड पूल यांचे आकडे कामाच्या दिवसांत आणि महिनाअखेरीला बघा आणि त्यावर सढळ हाताने भर घाला. नव्या रिकाम्या सर्व्हरवर चाचणीचा डंप लहान येतो, त्यावर विसंबू नका.

ॲक्टिव्ह आणि कम्प्लीट

कम्प्लीट म्हणजे सगळी रॅम जशीच्या तशी. त्यासाठी पेजफाइल रॅमएवढी आणि वर 257 एमबी लागते. 16 जीबीच्या व्हीएमवर हे सहज जमतं. 512 जीबीच्या यंत्रावर डंप सेकंदाला 200 एमबी वेगाने लिहिला जातोय असं धरा: पाऊण तासाच्या आसपास सर्व्हर निळ्या स्क्रीनवर अडकलेला. तेवढा वेळ व्यवसाय थांबवायची तयारी आहे का, हे आधी वरिष्ठांना विचारून ठेवा. ऐनवेळी कुणीतरी घाईत पॉवर बटण दाबतं आणि वेळही जातो, डंपही जातो.

ॲक्टिव्ह सर्व्हर 2016 पासून मिळतो आणि माझ्या मते या यादीतला सगळ्यात दुर्लक्षित पर्याय तोच आहे. तो कम्प्लीटमधून निरुपयोगी पानं गाळतो, पण प्रोग्रॅमची वापरातली मेमरी ठेवतो. हायपर-व्ही होस्टवर याचा फायदा लगेच कळतो. होस्टची बहुतांश रॅम गेस्ट व्हीएमना दिलेली असते आणि होस्ट का कोसळला हे शोधायला गेस्टच्या मेमरीचा उपयोग नसतो. ॲक्टिव्ह ती वगळतो, कम्प्लीट तीही ओढून घेतो.

क्लस्टरचं कारण वेगळं आहे. फेलओव्हर क्लस्टरमध्ये क्लस्टर सर्व्हिसचा एखादा भाग प्रतिसाद देईनासा झाला, तर नोड मुद्दाम पाडला जातो. स्टॉप कोड येतो 0एक्स9ई. इथे दोष यूजर मोडमध्ये, म्हणजे कर्नलबाहेर प्रोग्रॅमच्या भागात असतो. कर्नल डंप उघडला तर नोड पाडला गेला एवढं कळतं, अडकलेली प्रोसेस आत काय करत होती ते कळत नाही. 0एक्सईएफ, म्हणजे ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’, याचंही तेच: कोणती प्रोसेस मेली ते दिसतं, का मेली ते बऱ्याचदा तिच्या मेमरीतच असतं. अशा यंत्रांवर ॲक्टिव्हला लागणारी जास्त जागा कारणी लागते.

स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या यादीत ॲक्टिव्ह थेट निवडता येतो. रजिस्ट्रीतून करायचं तर क्रॅशकंट्रोल या कीखाली क्रॅशडंपएनेबल्ड 1 आणि फिल्टरपेजेस 1. फिल्टरपेजेस नसेल तर तोच 1 म्हणजे कम्प्लीट. कर्नलला 2, स्मॉलला 3, ऑटोमॅटिकला 7. बदलानंतर रीस्टार्ट करा.

सी ड्राइव्ह लहान असेल तर

जुन्या सर्व्हरवर सी ड्राइव्ह 60-80 जीबीचा आणि रॅम नंतर वाढवलेली, ही नेहमीची रड. क्रॅशकंट्रोलमध्येच डेडिकेटेडडंपफाइल नावाची व्हॅल्यू देऊन डंपसाठी दुसऱ्या स्थानिक व्हॉल्यूमवर कायमची जागा राखून ठेवता येते. तयार डंप कुठे ठेवायचा तो पाथही दुसऱ्या ड्राइव्हवर न्यायला विसरू नका, नाहीतर तो सी भरून टाकेल. पेजफाइल कामगिरीसाठी हवी तेवढी ठेवता येते आणि डंप तिच्यावर अवलंबून राहत नाही, म्हणून जागा असेल तिथे मला हीच मांडणी जास्त पटते. अझुरवर पेजफाइल अनेकदा तात्पुरत्या डी ड्राइव्हवर असते, तिथे तर हा विचार करायलाच हवा.

बाजूच्या रॅकमध्ये लिनक्स असेल तर

तिथला विचारच निराळा. केडंप (लिनक्सची डंपची सोय, कर्नल 2.6.13 पासून, 2005) बूट होतानाच थोडी रॅम बाजूला काढतो. मुख्य कर्नल कोसळला की त्या राखीव जागेत दुसरा, ताजा कर्नल उठतो आणि मेलेल्याची मेमरी वाचून फाइल बनवतो. ताजा कर्नल असल्याने एनएफएस किंवा एसएसएचने डंप थेट दुसऱ्या यंत्रावर पाठवता येतो. विंडोजच्या या पाचही प्रकारांना स्थानिक डिस्क लागते. किंमत म्हणजे ती रॅम कायमची जाते: रेड हॅट 9 वर 4 ते 64 जीबीपर्यंत 256 एमबी, त्यापुढे 512 एमबी. मेकडंपफाइलला (डंप गाळणाऱ्या साधनाला) 31 पातळी दिली की रिकामी, कॅशची आणि यूजरची पानं गळतात, म्हणजे साधारण कर्नल डंपएवढंच उरतं. बहुतेकांना ते पुरतं.

अडकलेला सर्व्हर आणि चाचणी

सगळे बिघाड निळ्या स्क्रीनचे नसतात. सर्व्हर पिंगला उत्तर देतो, पण लॉगिन होत नाही, काही हलत नाही. अशा वेळी पॉवर बंद करण्याआधी एनएमआय (टाळता न येणारा हार्डवेअर सिग्नल) पाठवा. आयलो आणि आयड्रॅकमध्ये (एचपीई आणि डेल सर्व्हरचं दूरस्थ नियंत्रण) त्याची सोय आहे, हायपर-व्ही होस्टवरून गेस्टला पाठवता येतो, एडब्ल्यूएसच्या नायट्रो इन्स्टन्सना डायग्नॉस्टिक इंटरप्ट आहे. सर्व्हर 2012 पासून विंडोज एनएमआय आला की डंप लिहून घेते, वेगळी सेटिंग लागत नाही. व्हीएमवेअरवर व्हीएम सस्पेंड करून त्या फाइलींपासून डंप बनवता येतो.

एचपीईच्या प्रोलायंटसारख्या सर्व्हरवर एएसआर (ऑटोमॅटिक सर्व्हर रिकव्हरी) बघा. ओएस 10 मिनिटं गप्प राहिली की हार्डवेअर स्वतःच रीसेट मारतं. मोठा डंप अर्ध्यात तुटायला हे एक कारण पुरतं, म्हणून ॲक्टिव्ह किंवा कम्प्लीट ठेवणार असाल तर ते बंद करा किंवा वेळ वाढवा.

सर्व्हर लाइव्ह जाण्याआधी सिसइंटर्नल्सच्या नॉटमायफॉल्टने (क्रॅश घडवणाऱ्या साधनाने) तो एकदा मुद्दाम पाडा. फाइल तयार झाली, एवढ्यावर समाधान मानू नका. ती विनडीबीजीमध्ये (डंप वाचायच्या साधनात) उघडते का ते बघा. सिस्टिम लॉगमध्ये व्हॉल्मजीआरची (डिस्कचे व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या ड्रायव्हरची) 46 क्रमांकाची नोंद दिसली तर डंपची तयारीच झालेली नाही, 161 दिसली तर लिहिताना फसलं. 46 हा इव्हेंट मॉनिटरिंगमध्ये घालाच. क्रॅश होण्याआधीच धोका सांगणारी ती नोंद आहे.

डंप कुणाच्या हाती जातो

प्रकार निवडताना हा मुद्दा शेवटी येतो, पण बँक, हॉस्पिटल, सरकारी खातं असेल तर तोच निर्णय फिरवू शकतो. कर्नल डंपमध्येही संवेदनशील मजकूर सापडू शकतो. ॲक्टिव्ह आणि कम्प्लीटमध्ये तर डेटाबेसच्या मेमरीतले ग्राहकांचे तपशील, पासवर्ड, खाजगी की असं काहीही असू शकतं. सप्टेंबर 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या चोरीला गेलेल्या साइनिंग कीबद्दल सांगताना 2021 च्या एका क्रॅश डंपकडे बोट दाखवलं होतं: की डंपमध्ये आली आणि डंप सुरक्षित नेटवर्कमधून डीबगिंगच्या नेटवर्कमध्ये गेला. मार्च 2024 मध्ये त्यांनी दुरुस्ती केली: ती की असलेला डंप प्रत्यक्षात सापडलेला नाही. पण असं घडू शकतं हे त्यांनी गृहीत धरलं, यातच काय ते आलं.

सर्व्हर 2016 पासून डंप एन्क्रिप्ट करता येतो. सार्वजनिक की सर्व्हरवर राहते, उलगडायची खाजगी की वेगळ्या, कुलूपबंद यंत्रावर. डेटाबेसच्या यंत्रांवर ॲक्टिव्ह ठेवणार असाल तर हे दोन्ही एकाच दिवशी करा. डंपच्या फोल्डरवर ॲडमिनशिवाय कुणाला वाचायची परवानगी नको. तो व्हेंडरला पाठवायचा असेल तर साध्या शेअर लिंकने नाही, त्यांच्या सपोर्ट केसच्या अपलोडने पाठवा आणि कुणाच्या मंजुरीने गेला, केस बंद झाल्यावर आपल्याकडची प्रत कधी पुसली, हे तिकिटात लिहा.