ठाणे ते पनवेल, एक अल्बम

ठाण्याहून सुटलेली ट्रान्स-हार्बर लोकल पनवेलला पोचायला ५०-५५ मिनिटं घेते. विनाइलच्या तबकडीवर दोन्ही बाजू मिळून ४०-४५ मिनिटांचं संगीत नीट मावायचं. म्हणजे जुन्या बेताचा अल्बम दिघा गावाला सुरू केला तर खांदेश्वरच्या आत संपायला हवा. मोजपट्टी थट्टेची वाटेल, पण नव्या हेवी मेटल संगीताचं दुखणं तिनेच पकडता येतं. सीडीवर ७०-८० मिनिटांची जागा मिळाली तेव्हापासून मोठ्या बँडांची कात्री बोथट झाली, आणि स्ट्रीमिंगवर तर जागेचा प्रश्नच उरला नाही. २०२३ ते २०२५ मधले सात अल्बम या पट्टीवर ठेवले आहेत.

आधी फोन नीट लावून घ्या. स्पॉटिफायमध्ये क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यावर चढवणं) शून्यावर आणि गॅपलेस (गाण्यांमध्ये खंड न पडणं) चालू. व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय) 'लाऊड'वर असेल तर 'नॉर्मल'वर आणा, कारण 'लाऊड'मध्ये अॅप स्वतःचा लिमिटर (आवाजाची उंच टोकं दाबणारी सोय) लावतं आणि स्टुडिओत आधीच ठासून भरलेल्या आवाजावर आणखी एक इस्त्री फिरते. गाणी घरूनच डाउनलोड करून निघा. ३२० केबीपीएसला मिनिटाला साधारण २.४ एमबी लागतात, म्हणजे पाऊण तासाचा अल्बम ११० एमबीच्या आत. बेस बूस्ट मात्र बंदच. लोकलची घरघर खालच्या पट्टीतली असते, ती बेस गिटार आणि किक ड्रमचं (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं) अंग गिळते. म्हणून बेस वाढवावासा वाटतो, पण त्याने घरघर कमी होत नाही, उलट इयरफोनचा एवढासा पडदा दमतो आणि गिटारही चिखलात जाते. नॉइज कॅन्सलेशन नेमकं या खालच्या आवाजांवरच सगळ्यात चांगलं चालतं. ते नसेल तर कानात घट्ट बसणारे रबरी टिप घ्या, अर्धं काम तेच करतात. दारात उभं राहून हे ऐकू नका: वाऱ्याने इयरफोनचे माइक फडफडतात. बाकीची कारणं सांगायला नकोत.

जुडास प्रीस्ट या ब्रिटिश बँडचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड' (मार्च २०२४) सुमारे ५३ मिनिटांचा आहे, म्हणजे पनवेलच्या फलाटाला लागता लागता संपणारा. अकरा गाणी. गायक रॉब हॅलफर्ड तेव्हा ७२ वर्षांचा होता आणि 'पॅनिक अटॅक'मधली त्याची वरची किंकाळी ऐकताना हे वय आठवत नाही. गाण्याच्या सुरुवातीला सिंथचा (सिंथेसायझरचा) वास असलेले सूर आहेत, जुन्यांना याच बँडचा १९८६ चा 'टर्बो' आठवेल, आणि मग गाडी सरळ फास्ट ट्रॅकवर. निर्माता अँडी स्नीप. त्याच्या मिक्सची (वाद्यांचे आवाज एकमेकांत बसवण्याची) एक खूण पक्की: किकला घुमण्यापेक्षा 'टक्' जास्त. ही टकटक वरच्या पट्टीत असल्यामुळे लोकलच्या घरघरीतूनही दोन्ही पायांनी वाजणाऱ्या डबल बेस ड्रमचा प्रत्येक ठोका मोजता येतो. त्याच कारणाने घरी मोठ्या स्पीकरवर हाच अल्बम अर्ध्या तासात कान शिणवतो. ट्रेबल एक-दोन डेसिबल उतरवला की बरा होतो.

'क्राउन ऑफ हॉर्न्स' हे मधल्या लयीतलं गाणं या अल्बमचं खरं सोनं. गिटारिस्ट रिची फॉकनरचा सोलो इथे बोटं किती पळतात ते दाखवायला आलेला नाही, चाल पुढे न्यायला आला आहे. 'डेव्हिल इन डिसगाइज' गाळलंत तर काही बिघडत नाही. शेवटी 'जायंट्स इन द स्काय', आणि त्यात मध्येच गाडी थांबावी तशी येणारी अकूस्टिक गिटार. डिलक्स आवृत्तीत यानंतर तीन जादा गाणी चिकटवली आहेत. ती वाईट नाहीत, पण इतका नीट बसलेला शेवट झाल्यावर पुन्हा पंगत कशाला मांडायची? 'जायंट्स'नंतर थांबा.

मेटॅलिका या अमेरिकन बँडचा '७२ सीझन्स' (एप्रिल २०२३) बारा गाण्यांचा आणि ७७ मिनिटांचा. पनवेलला पोचून परतीची गाडी धरली तर नेरूळच्या आसपास संपेल. आवाजाबद्दल तक्रार नाही. त्यांच्याच २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'चं मास्टरिंग (आवाजाची शेवटची बसवणूक) इतकं दाबलेलं होतं की 'गिटार हीरो' या खेळातली तीच गाणी लोकांना जास्त मोकळी वाटली. तो धडा इथे गिरवलेला दिसतो: गिटारी कोरड्या, स्पष्ट, आणि बेस चक्क ऐकू येतो. अडचण बांधणीत आहे. चांगला रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) चार वेळा वाजवून झाला की तो आणखी चार वेळा येतो, मग कडवं, मग परत तोच. 'स्लीपवॉक माय लाइफ अवे' आणि 'यू मस्ट बर्न!' दोन्ही सात मिनिटांच्या घरातली, आणि दोन्हींत साडेचार मिनिटांचाच माल आहे.

उपाय सोपा आहे. प्लेलिस्टमध्ये सातच ठेवा, याच क्रमाने: '७२ सीझन्स', 'शॅडोज फॉलो', 'स्क्रीमिंग सुइसाइड', 'लक्स इटर्ना', 'टू फार गॉन?', 'रूम ऑफ मिरर्स', 'इनामोराटा'. बेरीज ४४ मिनिटांच्या जवळपास जाते आणि अल्बम एकदम ताठ उभा राहतो. 'इनामोराटा' ११ मिनिटांचं आहे, या बँडचं सर्वात लांब गाणं, पण ते लांब असूनही लांबलेलं नाही. मध्ये सगळं शांत होऊन बेस एकटा पुढे येतो आणि पुन्हा रिफ चढतो तेव्हा आधीच्या संथपणाचं कारण कळतं. 'लक्स इटर्ना' साडेतीन मिनिटांच्याही आत उरकतं. या दोन टोकांच्या मधली गाणीच घसरली आहेत.

स्लेयर या बँडचा गिटारिस्ट केरी किंग, त्याचा 'फ्रॉम हेल आय राइज' (मे २०२४) म्हणजे स्लेयरच, फक्त पाटी बदललेली. ड्रमवर तोच पॉल बोस्टाफ, गायला डेथ एंजेल बँडचा मार्क ओसेग्वेडा. नवीन काही नाही आणि तसा दावाही नाही. तेरा तुकडे पाऊण तासात. गर्दीच्या वेळी घणसोलीला आत शिरणाऱ्यांसाठी उत्तम. बंगळुरूच्या क्रिप्टोसचा 'डेसिमेटर' (२०२४) तर चाळिशीच्या आत आटोपतो: दोन गिटारी खांद्याला खांदा लावून चालतात, ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश मेटलचं वळण, वर खरखरीत गळा. गळा एकाच पट्टीत राहतो हे खरं, पण दोन गिटारींची सुरावट इतकी चांगली की तेवढं चालून जातं. इतकी स्वच्छ कात्री अमेरिकन मोठ्यांना जमलेली नाही.

स्वीडनच्या ओपेथचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' (नोव्हेंबर २०२४) लोकलसाठी नाही. लांबी बसते, सुमारे ५१ मिनिटं. पण आत सगळी कथा आहे: पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, श्रीमंत घराचा कर्ता गेलेला, आणि मुलांसमोर मृत्युपत्राचं वाचन. पहिल्या सात गाण्यांना नावंच नाहीत, कायद्याच्या कलमांसारखे आकडे आहेत. आठव्याला तेवढं नाव. जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडच्या इयन अँडरसनने यात बासरी वाजवली आहे आणि निवेदनही केलं आहे. ते निवेदन गाडीत चक्क वाहून जातं. गायक मिकाएल ऑकरफेल्टचा ग्राउल (घशातली गुरगुर) २००८ च्या 'वॉटरशेड'नंतर पहिल्यांदा स्टुडिओ अल्बमवर परतला, म्हणून सगळीकडे जल्लोष झाला. ग्राउल खणखणीत आहे, वाद नाही. पण त्याहून मोठी बातमी ड्रमवर आहे: नव्या वाल्टेरी वायरिनेनने बँडला पुन्हा पाय दिले. खटकतं ते असं की एखादी चाल कुठे रुजतेय म्हणेपर्यंत व्हायोलिनांचा ताफा येतो, मग ऑर्गन, मग दुसरीच लय. सुनेने पहिल्याच दिवशी सगळे पदार्थ करून दाखवावेत तसं. गाण्यांचे शब्द समोर घेऊन, घरी, एका बैठकीत ऐका. तुकड्यांत ऐकलात तर फक्त गोंधळ उरेल.

आता या ढिगातला सर्वात वरचा. डेन्व्हरच्या ब्लड इन्कँटेशनचा 'अॅब्सोल्यूट एल्सव्हेअर' (ऑक्टोबर २०२४). दोनच रचना, 'द स्टारगेट' आणि 'द मेसेज', प्रत्येकीचे तीन भाग, त्यांना 'टॅब्लेट' म्हटलं आहे. एकूण पाऊण तासाच्या आत. रेकॉर्डिंग बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत, जिथे १९७७ मध्ये डेव्हिड बोवीचा 'हीरोज' झाला. 'द स्टारगेट'च्या दुसऱ्या टॅब्लेटवर टँजरीन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा थॉर्स्टन क्वेशनिंग सिंथवर आहे. पाहुणा म्हणून नुसता मिरवत नाही, तो भाग त्याच्याच खांद्यावर उभा आहे. पहिल्या काही सेकंदांत कडक डेथ मेटल (गुरगुरत्या गळ्याचं, सुसाट मेटल), आणि दोन मिनिटं व्हायच्या आत सगळं सुटून सत्तरीतल्या पिंक फ्लॉइडसारखी तरंगणारी लय. असे सांधे बहुतेक बँडांना जमत नाहीत: दोन वेगळी गाणी सेलोटेपने जोडल्यासारखी वाटतात. इथे जमलं, कारण ड्रमर शांत भागातही नुसता मागे बसून राहत नाही आणि पडदे नसलेला बेस दोन्हीकडे एकाच लवचीक आवाजात बोलतो. जोड त्या दोघांनी आतून शिवला आहे.

हा अल्बम बिघडतो तो ऐकणाऱ्याच्या हातून. स्ट्रीमिंगवर सहा तुकडे दिसतात. शफल चालू राहिलं तर सगळं संपलं. क्रॉसफेड चालू असेल तर एका टॅब्लेटचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर चढतं आणि सांधा दिसायला लागतो. दुसरी चूक आवाजाची: सिंथचा शांत भाग तुर्भ्याच्या आधी कुठेतरी येतो, गाडीत ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला जातो, आणि पुढच्या क्षणी ब्लास्ट बीट (ड्रमचा अतिवेगवान मारा) कानावर कोसळतो. आवाज पहिल्या अर्ध्या मिनिटातल्या गोंगाटावर ठरवा आणि मग बोट लावू नका. शांत भाग थोडा बुडेल, बुडू द्या. 'द मेसेज'च्या दुसऱ्या टॅब्लेटमध्ये स्वच्छ गळ्याने गायलेला भाग येतो, तिथे नव्या श्रोत्याला धरून ठेवता येतं. डेथ मेटल न झेपणाऱ्या मित्राला तिथूनच सुरुवात करून द्या.

इंडिकेटरवर पनवेलऐवजी वाशी लागली असेल तर ब्लडीवुडचा 'न्यू डेल्ही' (मार्च २०२५): आठ गाणी, अर्ध्या तासाच्या आसपास. 'तडका' खाण्यावरचं, 'बेखौफ'मध्ये जपानच्या बेबीमेटल या गटाची साथ. दिल्लीच्या या पोरांची खरी परीक्षा ढोलाची. पंजाबी ढोलाच्या जाड बाजूवर डग्गा पडतो तो घुमारा, किक ड्रमचा ठोका आणि खाली उतरवून लावलेली गिटार, तिघेही एकाच पट्टीत गर्दी करतात. वाट काढायची तर ढोलाची बारीक तिल्लीची बाजू पुढे आणावी लागते आणि घुमारा कापावा लागतो. इथे तेच केलं आहे, म्हणून इयरफोनवर ढोल टणत्कारतो पण पोटात बसत नाही. गणपतीत पथकाच्या समोर उभं राहून ताशामागचा ढोल अंगावर घेतलेल्या ठाणेकराला हा फरक लगेच कळेल. त्यावर उपाय इक्वलायझरमध्ये नाही, मिक्समध्येच तो भाग उरलेला नाही. बासरी मात्र गिटारींच्या वर मोकळ्या जागेत आहे आणि कोपरखैरण्याच्या गर्दीतही स्पष्ट ऐकू येते.