डबे आधी, रेडिओ मागाहून

रिपीटरचा, म्हणजे रेडिओवरचं बोलणं ऐकून पुढे दूरवर पोचवणाऱ्या यंत्राचा, खोका कुरिअरवाल्यानं दुकानात आणून टाकला तेव्हा मी पंधरा हॉर्सपॉवरच्या मोटारीत हात घालून बसलो होतो. हात पुसले, खोका फोडला, आणि संध्याकाळपर्यंत लक्षात आलं की 38 हजार मोजून आपण दाराला लावायचा धोंडा आणलाय. त्या खोक्याचं आणि त्याच्यानंतर जे जे घेतलं त्याचं हे परीक्षण. आमच्या भागात कुणी नव्यानं रिपीटर लावणार असेल तर त्याचे तेवढे पैसे तरी वाचतील.

बेळगावजवळच्या खानापुरात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. तांब्याची तार, मेगर, क्लॅम्प मीटर यांत आयुष्य गेलं. रेडिओचा गंध नव्हता. 2019 च्या ऑगस्टात इकडे मलप्रभा फुगली, तिकडे शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर चढलं, आणि धाकटी बहीण कोल्हापुरात. दोन दिवस फोन लागला तर लागला. तेव्हा हॅम रेडिओचं, म्हणजे परवाना काढून हौसेनं रेडिओवर बोलण्याचं, डोक्यात बसलं. परीक्षा दिली, व्हीयू-3 नं सुरू होणारं, हवेत आपली ओळख सांगायचं चिन्ह मिळालं, म्हणजे मोर्स न येणाऱ्यांचा वर्ग. पाच वॉटचा हातातला सेट घेतला आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की आमच्या तालुक्यात हा सेट म्हणजे गल्लीतल्या गल्लीत हाका मारायचं साधन. जांबोटीकडे निघालं की एक चढ, एक दाट रान, आणि आवाज संपला. आई विचारायची, "दिवसभर ऐकू येतंय काय, ऐकू येतंय काय करालास. पलीकडं कोण हाय तरी काय?" बहुतेक वेळा कुणीच नसायचं.

यावर उपाय रिपीटर. उंचावर ठेवलेला एक सेट, जो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणाला दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच जोरात बोलतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाचं जांबोटीच्या वाटेवर टेकडीवर शेतघर आहे. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा साधारण 90 मीटर उंच. उंचीच्या वर्गमुळाला 4.12 नं गुणलं की रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये येतं. म्हणजे आमचं 39, त्यात हातातल्या सेटचे पाच. विकणारा सांगतो तो 50 किलोमीटरचा आकडा खोक्यात नसतो, टेकडीत असतो. टेकडी नसेल तर खोका घेऊ नका, एवढं सोपं आहे.

आता तो खोका. चिनी बनावट, दहा वॉट, ब्रीफकेसएवढा, आत डुप्लेक्सर बसवलेला, म्हणजे एकाच एरियलवर ऐकणं आणि बोलणं वेगळं ठेवणारा भाग. कंपनीचं आणि दुकानाचं नाव घेत नाही, कारण चूक निम्मी माझी होती. टू मीटर म्हणजे साधारण दोन मीटर तरंगलांबीची, आम्हा हौशी लोकांची फ्रिक्वेन्सीची पट्टी. फोनवर विचारलं, "टू मीटरवर चालतो ना?" "चालतो की सर, सेट करूनच पाठवतो." चालतो हे खरं. पण आपल्याकडे हौशी लोकांना टू मीटरची पट्टी 144 ते 146 मेगाहर्ट्झ, सगळी मिळून दोन मेगाहर्ट्झ, आणि ऐकण्या-बोलण्यातलं ठरलेलं अंतर 600 किलोहर्ट्झ. खोक्यातल्या चिमुकल्या डुप्लेक्सरला त्याच्या कितीतरी पट अंतर लागतं. म्हणजे एक फ्रिक्वेन्सी पट्टीत ठेवली तर दुसरी बाहेर, दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात. मग दुकानदार म्हणाला, यूएचएफचा, म्हणजे त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीचा, बदलून देतो. त्या खोक्याचं अंतर पाच मेगाहर्ट्झ, आणि आपली यूएचएफची पट्टी 434 ते 438, म्हणजे चारच. बाहेरच्या देशांत पाचाचं अंतर चालतं, म्हणून खोके तसे येतात. हे गणित पहिलीतलं पोरही करेल. मी खरेदीनंतर केलं. दुकानानं आठ हजार कापून बाकीचे परत दिले. विक्रीनंतरची वागणूक बरी, विक्रीआधीची शून्य.

डुप्लेक्सर इतका महत्त्वाचा का, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. एकाच एरियलवरून 15-20 वॉट बाहेर जात असतात आणि त्याच वेळी आत येणारा आवाज असतो एका व्होल्टच्या 40 लाखाव्या भागाएवढा. पिठाच्या गिरणीत उभं राहून शेजारच्या खोलीतली कुजबुज ऐकण्यासारखं. मधली भिंत म्हणजे डुप्लेक्सर. 600 किलोहर्ट्झसारख्या जवळच्या अंतराला ती भिंत ॲल्युमिनियमच्या उंच डब्यांची असते; आम्ही हॅम लोक त्यांना सरळ डबेच म्हणतो. आत पाव तरंगलांबीची दांडी, 145 ला साधारण अर्धा मीटर, वर स्क्रू. सहा डबे. तीन ऐकण्याकडे, तीन बोलण्याकडे.

डबे मिळाले दक्षिणेकडच्या एका ज्येष्ठ हॅमकडून. ते हौसेनं लेथवर बनवतात. 32 हजार आणि गाडीभाडं वेगळं. वेल्डिंग सुरेख, आतला मुलामा चकचकीत, आणि प्रत्येक डब्यावर पेन्सिलीनं त्यांनी मोजलेले आकडे. असा माल कुठल्या दुकानात मिळत नाही. फोन केला की स्वतः उचलतात, आधी "जेवण झालं काय?" विचारतात, मग शिव्या घालतात. दहापैकी नऊ. एक गुण कशाचा कापला ते शेवटी सांगतो.

रेडिओ? दोन जुने टॅक्सीत बसवायचे सेट, मोटोरोलाचे, दोघांचे मिळून सात हजार. एक ऐकतो, एक बोलतो, मध्ये हाताच्या पंजाएवढा कंट्रोलर बोर्ड. बास. नवा माणूस सगळी अक्कल रेडिओच्या मॉडेलवर खर्च करतो, मीही केली होती, आणि तीच सगळ्यात कमी महत्त्वाची वस्तू निघाली. एकच पथ्य: असे सेट तासन्‌तास बोलत राहण्यासाठी बनवलेले नसतात. पंचवीस वॉटचा सेट मी पंधरावर उतरवला आणि मागे कॉम्प्युटरचा जुना पंखा लावला. मोटार जळाली की कशामुळे जळाली हे रोज बघणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवायला नको.

केबलमध्ये मात्र दोनदा हात पोळले. घरात पडलेली बारीक केबल आधी जोडली. 30 मीटरमध्ये चार वॉटांतले तीन ती स्वतःच खाते. मग दुकानदाराच्या सल्ल्यानं जाड काळी केबल आणली, आत ॲल्युमिनियमची पन्नी, वर कल्हई केलेल्या तांब्याची जाळी. मीटरवर झकास. पण टेकडीवर वारा सुटला की रिपीटरमध्ये खरखर सुरू. चार दिवस कनेक्टर उसवले, परत बसवले. शेवटी डबेवाल्या काकांनी फोनवर कान उपटले: दोन वेगळ्या धातूंचे थर एकमेकांवर घासतात, नुसतं बोलताना किंवा नुसतं ऐकताना पत्ता लागत नाही, पण एकाच केबलीतून दोन्ही चालू असेल तर तो घासण्याचा आवाजच ऐकू येतो. तिथे अखंड तांब्याच्या नळीची केबल पाहिजे.

ती मिळाली बेळगावात भंगारवाल्याकडे. मोबाइलचे टॉवर उतरवले की अर्धा इंची केबल तांब्याच्या भावानं भंगारात येते. मी 35 मीटर निवडून घेतली, तराजूवर आठ किलो भरली, तीन हजारांच्या आत काम. भंगारवाल्या मामांनी वर चहा पाजला आणि विचारलं, "जाळून तांबं काढणार न्हवं?" नाही म्हटल्यावर त्यांना जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं. सगळ्या खरेदीत पैसे वसूल झालेली वस्तू हीच. आता पंधरा वॉट निघतात, डब्यांतून आणि केबलीतून जाऊन एरियलला नऊच्या आसपास पोचतात, आणि खरखर नाही.

एरियल फायबरच्या नळीतलं पांढरं उभं, दीड इंची जीआय पाइपवर, तीन बाजूंनी ताण. त्याबद्दल तक्रार नाही. अर्थिंग मी स्वतः केलं: खड्डा, कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, आणि केबल खोलीत शिरण्याआधी विजेचा अरेस्टर. एप्रिल-मेत वळीव चढून येतो तेव्हा त्या टेकडीवर उभं राहून बघा, मग अर्थिंगवर कुणी काटकसर करणार नाही. बॅटरी इन्व्हर्टरचीच, 150 एएचची ट्यूब्युलर. चार्जरला मात्र जुना ट्रान्सफॉर्मरवाला घ्या. मोठ्या ट्रान्सफॉर्मरशिवायचा हलका स्वस्त एसएमपीएस चार्जर लावला तर तो स्वतःच रेडिओसारखा भुणभुणतो.

कागदांचं थोडक्यात. रिपीटर क्लबच्या नावावर आहे, आणि दिल्लीहून डब्ल्यूपीसीची, म्हणजे रेडिओचे परवाने देणाऱ्या सरकारी विभागाची, मंजुरी हातात येईपर्यंत आम्ही तो हवेत सोडला नाही. सगळी चाचणी डमी लोडवर, म्हणजे एरियलच्या जागी लावायच्या, वॉट हवेत न सोडता जिरवणाऱ्या रेझिस्टरवर. वेळ लागला, आणि वर सांगितलेल्या चुका करायला मला तो पुरला. परवान्याशिवाय वापरायचे अर्ध्या वॉटचे 446 मेगाहर्ट्झवाले सेट मिळतात, पण त्यांचं एरियल सेटलाच घट्ट असतं, त्यांना रिपीटर नाही. आमचे दाजी ऊस वाहतुकीत आहेत. त्यांनी टेकडीवरचा खांब बघितला आणि म्हणाले, "आमच्या गाड्यांवर बी एकेक बशिव की. डायव्हर फोनच उचलत न्हाईत." म्हटलं, दाजी, हा हौशी परवाना आहे, धंद्याचं एक वाक्य चालत नाही, तुम्हाला वेगळा परवाना, वेगळी फ्रिक्वेन्सी आणि वर्षाची फी. अजून रुसलेत.

चालवताना दोन गोष्टी शिकलो. पहिली टोन. सुरुवातीला रिपीटर रात्री-अपरात्री आपोआप उघडायचा आणि नुसता भर्र आवाज. शोधत गेलो तर खालच्या शेतातला पंप, त्याच्या स्टार्टरचे कॉन्टॅक्ट जळालेले. पंप माझ्याच दुकानातून रिवाइंड होऊन गेलेला! स्टार्टर बदलून दिला, आणि कंट्रोलरवर 88.5 हर्ट्झचा टोनही लावला. आता सेटमधून तो बारीक गुणगुणणारा सूर आल्याशिवाय रिपीटर दार उघडत नाही. दुसरी गोष्ट तीन मिनिटांचा टाइमर. आमच्या एका सभासदाच्या जीपमध्ये सीटखाली माइक दबला आणि खानापूर ते नंदगड त्याचं आणि बायकोचं सोयाबीनच्या भावावरून चाललेलं भांडण सगळ्यांनी ऐकलं असतं. तीन मिनिटंच ऐकलं.

पोच कशी? बेळगावात कॅम्पात खणखणीत. खानापूर स्टेशनवर खणखणीत. चंदगडकडून बोलणारा माणूसही स्वच्छ येतो. त्या पट्ट्यात फोन दर दोन मैलांनी राज्य बदलतो आणि स्वागताचे मेसेज पाठवतो, आमच्या रिपीटरला ती फिकीर नाही. संध्याकाळच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी सगळे हॅम रिपीटरवर जमतात तेव्हा, मराठी, कन्नड, कोकणी आणि मोडकं इंग्रजी एकाच वाक्यात येतात. चोर्ला घाटाच्या वळणांत मात्र मेला. तिथे दरीच आडवी आहे, वॉट वाढवून उपयोग नाही. कणकुंबीत गावाच्या वरच्या अंगाला उभं राहिलं तर मिळतो, खाली उतरलं की गेला.

आता तो कापलेला गुण. थंडीत लक्षात आलं की सकाळी चंदगडचा माणूस ऐकू येतो, दुपारी तोच माणूस रिपीटर बोलायला लागला की बुडतो. बोलणारा सेट बंद केला की परत वर येतो. म्हणजे भिंतीला भोक. कुठली फ्रिक्वेन्सी किती अडते ते मोजणारं, नॅनो व्हीएनए नावाचं पाच हजारांचं खेळण्याएवढं यंत्र घेऊन टेकडीवर गेलो. त्याला साधारण 70 डेसिबलच्या खालचं दिसत नाही, म्हणून सहा डबे एकत्र मोजून फायदा नाही. एकेक सोडवून मोजायचा. मोजले, आणि सगळ्यांची खाच, म्हणजे डबा जी फ्रिक्वेन्सी अडवतो ती जागा, खाली सरकलेली. कारण आतल्या दांड्या पितळेच्या. पहाटे 14 अंश, दुपारी पत्र्याखाली 34; वीस अंशांत पितळ जेवढं वाढतं तेवढ्यात खाच हिशोबानं 50 किलोहर्ट्झच्या वर सरकते, आणि आमचं सगळं अंतरच 600 चं. दांडी इन्वारची, म्हणजे उष्णतेनं जवळजवळ न वाढणाऱ्या मिश्रधातूची, असती तर हे झालं नसतं. काकांना फोन केला. ते म्हणाले, "इन्वारचा भाव विचारलास काय कधी?" विचारला नव्हता. मग विचारला, आणि त्यांचं बरोबर होतं.

तूर्त डबे पत्र्याच्या खोलीतून काढून शेतघराच्या आतल्या भात ठेवायच्या खोलीत नेलेत, जाड मातीच्या भिंती, भोवती पोती. दुपारचा बुडणारा आवाज निम्मा सुधारला. शेतघरवाल्या मित्राची आई विचारते की सुगीला भात कुठं ठेवायचं. अजून उत्तर दिलेलं नाही; रविवारी थर्मोकोलचं कपाट करायला सुताराला घेऊन वर जायचंय.